काट्यांचं कुंपण

तर्कशास्त्राबद्दल आपल्या बायकांत एक समज फार घट्ट बसलेला आहे. तर्कशास्त्र म्हणजे वाद जिंकायची विद्या. ज्या सुनेने ते शिकलं तिच्यापुढे सासूने तोंड उघडायची सोय नाही, आणि जिने ते शिकवलं तिच्या घरी तर रोजच कोर्ट भरत असणार! स्वाध्यायाच्या मंडळात मी तर्कशास्त्र शिकवत होते असं कुणाला कळलं की ती बाई हसत हसत म्हणतेच, "मग तुमच्याशी जपूनच बोलायला हवं." माझा अनुभव उलटा आहे. तर्कशास्त्र नीट शिकलेल्या माणसाला जपून बोलावं लागतं ते स्वतःलाच. ते कसं, हे सांगायचा या लेखात प्रयत्न करते.

माझं माहेर सांगलीकडचं, सासर इंदूरचं. इथे होळकरांच्या काळापासून मराठी घरं आहेत, पण कॉलेजातलं शिकवणं हिंदीतून. मराठी पुस्तकांत ज्याला आपण 'युक्त' अनुमान म्हणतो त्याला इथे 'वैध' म्हणतात, आपल्या 'विगमना'ला इथे 'आगमन'. शब्द बदलले तरी धडे तेच. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला विधानं, पदं, न्यायवाक्य, तर्कदोष आणि शेवटी सत्यता-कोष्टकं. आयर्व्हिंग कोपी यांचं 1953 साली पहिल्यांदा निघालेलं इंग्रजी पाठ्यपुस्तक आपल्याकडच्या कितीतरी विद्यापीठांत चालतं, आम्हीही त्याचाच आधार घ्यायचो. वर्गात बहुतेक मुली अशा, की ज्यांनी हा विषय निवडलेला नसतो. दुसऱ्या विषयाच्या जागा भरल्या म्हणून त्या इथे येऊन बसलेल्या असतात.

पहिल्या आठवड्यातला धडा एकच. विधान खरं असणं ही एक गोष्ट, आणि अनुमान बरोबर असणं ही दुसरी. मी फळ्यावर तीन ओळी लिहायची. इंदूर मध्य प्रदेशात आहे. सराफा मध्य प्रदेशात आहे. म्हणून सराफा इंदुरात आहे. मग विचारायची, बरोबर की चूक? सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, बरोबर. मग मी सराफा पुसून तिथे भोपाळ लिहायची. भोपाळही मध्य प्रदेशात आहे. म्हणून भोपाळ इंदुरात आहे? वर्ग हसायचा. वाट तीच, फक्त गाव बदललं. ज्या वाटेने खऱ्यावरून खोट्यावर जाता येतं ती वाट भरवशाची नाही, मग ती एखाद्या वेळी आपल्याला खऱ्या ठिकाणी नेऊन सोडो.

इथे दरवर्षी एखादी मुलगी हटकून उठायची. "मॅम, पर सराफा तो इंदौर में ही है ना? फिर गलत क्या हुआ?"

हा प्रश्न मला कधीच बाळबोध वाटला नाही. निष्कर्ष खरा आहे, मग तिथे पोचायची वाट वाकडी असली म्हणून काय बिघडलं? परीक्षेपुरतं याचं उत्तर दोन मार्कांचं आहे. जगण्यात मात्र हा धर्माचा आणि नीतीचा प्रश्न होऊन बसतो, कारण आपण सगळ्याच जणी रोज खऱ्या आणि चांगल्या गोष्टींसाठी वाकडी कारणं देत असतो. घरात देतो, पाठशाळेत देतो, समाजाच्या सभेतही देतो. आपली बाजू खरी आहे ना, मग झालं!

आधी वाकडेपणा दिसतो कसा, ते सांगते. आपल्या जुन्या न्यायशास्त्रात डोंगरावरच्या धुराचं उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. गॅसच्या शेगडीवर वाढलेल्या मुलींना धूर म्हटलं की कचरा जाळलेला आठवतो, तरी हे त्यांना पटतं. मग मी उलटं विचारायची. अग्नी आहे, म्हणून धूर असणारच? त्या हो म्हणायच्या. पण लोखंडाचा गोळा लालभडक तापवला की त्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. चुलीपुढे बसलेल्या आपल्या आज्यांना हे शास्त्र न शिकता ठाऊक होतं. जुने नैयायिक या ओल्या सरपणाला 'उपाधी' म्हणतात. म्हणजे न सांगितलेली अट, जी कारणाच्या आड लपून काम करत असते.

एकदा ही उपाधी कळली की मुली घरातली वाक्यं घेऊन यायच्या. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मुली समजूतदार निघतात. खरं? का? एकत्र कुटुंबामुळे, की त्या कुटुंबात कुणीतरी मुलीचं ऐकून घेणारं होतं म्हणून? ओलं सरपण कुठलं? आमच्या शहराचंही एक वाक्य असायचं. 2017 पासून इंदूर वर्षानुवर्षं देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरत आलं. मग आपली गल्ली स्वच्छच असणार! समुदायाबद्दल जे खरं ते त्यातल्या प्रत्येकाबद्दल खरं मानणं, हा विभाजनाचा दोष. जनगणनेत साक्षरतेच्या बाबतीत जैन समाज सर्वांत पुढे आहे हे आपण अभिमानाने सांगतो. त्यावरून आपल्या प्रत्येक घरातली बाई वाचते, असं निघत नाही.

दुसऱ्यांचे दोष सापडायला लागले की वर्गाला मोठी मजा येते. त्या मजेवर औषध म्हणून मी पत्त्यांचा खेळ घ्यायची. पीटर वेसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1966 साली तो मांडला. टेबलावर चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. वर दिसतात ते अ, क, 4 आणि 7. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळला आहे की नाही हे बघायला कुठले पत्ते उलटायला हवेत? बहुतेक माणसं अ आणि 4 सांगतात. बरोबर उत्तर अ आणि 7. 4 च्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही, पण 7 च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. वेसन यांच्या प्रयोगात दहांत एकालाही धड जमलं नव्हतं, माझ्या वर्गातही तेच व्हायचं.

मग मी तोच खेळ आपल्या घरचा करून द्यायची. नियम असा, की जिने रात्रिभोजनाचा त्याग केला आहे तिने रात्री सराफ्यात खायचं नाही. (बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. इंदूरचा सराफा दिवसा दागिन्यांचा बाजार, आणि रात्री पेढ्या बंद झाल्या की खाण्याचा.) चार मुली आहेत. एकीने नियम घेतला आहे, एकीने घेतलेला नाही. तिसरी रात्री दहाला सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना दिसली, चौथी त्या वेळी घरी झोपली होती. चौकशी कुणाची करायची? सगळा वर्ग एका क्षणात सांगायचा. नियम घेतलेलीची आणि कीस खाणारीची! गणित तेच, पण आता एकही चुकत नाही. परदेशातही 1982 साली ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी दारू पिण्याच्या वयाचा नियम घेऊन असाच प्रयोग केला, तेव्हा चारांतल्या जवळजवळ तिघांना उत्तर आलं.

याचा अर्थ अभ्यासक वेगवेगळे लावतात. मला शिकवताना दिसला तो अर्थ साधा आहे. दुसऱ्याने नियम मोडला का, हे शोधायचं असलं की आपली बुद्धी धारदार होते. आपलं स्वतःचं म्हणणं तपासायचं असलं की आपण नेमका तोच पत्ता उलटत नाही ज्याच्या मागे आपलं म्हणणं मोडणारं काही असू शकतं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आपली बाजू खरी असताना वाकडी युक्ती वापरावी का? या प्रश्नावर आपल्या देशात दोन हजार वर्षांपूर्वीच विचार झाला आहे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी करायचा तो वाद. जिंकण्यासाठी करायचा तो जल्प, त्यात शब्दांचा छल चालतो. 'नवं कांबळं' म्हटलं की 'नऊ कांबळी कुठे आहेत, दाखवा' म्हणायचं, हा छलाचा जुना नमुना. आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचं पाडायचं, ती वितंडा. गौतम ऋषींनी जल्प आणि वितंडा यांनाही जागा दिली, आणि त्यासाठी सुंदर उपमा योजली. नुकत्याच फुटलेल्या कोंबाला गुरंढोरं खाऊ नयेत म्हणून शेतकरी काटेरी फांद्यांचं कुंपण घालतो. तसं सत्याच्या रक्षणासाठी जल्पाचं कुंपण चालेल.

उपमा मोहात पाडणारी आहे. माळव्यात काय आणि आमच्या सांगलीकडे काय, असं कुंपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण जैन आचार्यांनी ही सवलत नाकारली. आठव्या शतकातल्या अकलंकदेवांनी छलाने मिळालेल्या जयाला जय मानलं नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी 'प्रमाणमीमांसे'त सांगितलं की चर्चा म्हणजे वाद, जल्प आणि वितंडा या चर्चा नव्हेतच. माणिक्यनंदींच्या 'परीक्षामुखा'त आणखी एक बारीक गोष्ट आहे, जी मला शिक्षिका म्हणून फार आवडते. अनुमानाची अंगं मुळात दोनच, प्रतिज्ञा आणि हेतू. पण नवशिक्याला समजावं म्हणून शिकवताना उदाहरण वगैरे आणखी अंगं घालावीत, वादात मात्र त्यांची गरज नाही. म्हणजे शिकवताना ऐकणाऱ्याच्या पायरीवर उतरायची परवानगी आहे. सोपं करायला हरकत नाही, खोटं करायला आहे.

अकलंकदेवांची कथा आपण लहानपणी पाठशाळेत ऐकलेली असते. पडद्याआड घटात बसलेली तारादेवी प्रतिपक्षाच्या वतीने वाद घालत होती, आणि वाद महिनोन्‌महिने संपेना. शेवटी अकलंकदेवांनी एवढंच म्हटलं, की आत्ता जे सांगितलंत ते पुन्हा सांगा. देवीला ते पुन्हा सांगता येईना. ही कथा आहे, इतिहास नाही. तरी मी ती वर्गात सांगायची, कारण तर्कशास्त्राचा पहिला प्रश्न तिच्यात आहे. पुन्हा सांग, नेमकं काय म्हणालीस?

एवढ्या मोठ्या परंपरेच्या आपण लेकी-सुना, आणि घरात काय करतो? मुलं विचारतात, आई, कांदा-बटाटा का नाही खायचा? खरं उत्तर आपल्याजवळ आहे. कंदमुळात अनंत जीव आहेत असं आपण मानतो, आणि जगताना होईल तितकी कमी हिंसा व्हावी म्हणून ते सोडतो. पण हे उत्तर आजच्या मुलांना पटणार नाही अशी आपल्याला भीती वाटते. मग मोबाइलवर आलेला मजकूर उपयोगी पडतो. कंदमुळांनी अमुक रोग होतो, सूर्य मावळला की पोटातलं पचनच थांबतं, नासाने म्हणे सिद्ध केलंय! मूल लहान असतं तोवर हे चालतं. पुढे ते पुण्या-बंगळुरूला शिकायला जातं, दहा मिनिटं शोधतं आणि त्याला कळतं की नासाने असलं काही सिद्ध केलेलं नाही. त्या दिवशी ते काय टाकून देतं? फक्त तो मजकूर नाही. खोट्या आधारावर उभी केलेली खरी गोष्टही त्याच्याबरोबर जाते. आईने दिलेलं कारण खोटं ठरलं म्हणून आईचा नियम खोटा ठरत नाही, हे तर्कशास्त्र सांगेल. पण विशीतलं मूल इतकं थांबत नाही.

कारण खरं असलं, पण ते आपलं नसलं, तरीही घोटाळा होतो. उकळलेल्या पाण्यात जंतू मरतात हे अगदी खरं. म्हणून आपण मुलीला सांगतो, पाणी उकळून पी, आजारी पडणार नाहीस. मग तिच्या घरी पाणी शुद्ध करायचं यंत्र येतं आणि ती म्हणते, आता कशाला उकळू? तिचं अनुमान अचूक आहे. आपणच तिला ते कारण दिलं होतं, ते संपलं तसा नियमही संपला. संयमाची गोष्ट आपण तिच्याजवळ काढलीच नव्हती.

ही झाली घरातली गोष्ट. समाजाची परीक्षा 2015 च्या ऑगस्टमध्ये झाली. 2006 साली दाखल झालेल्या याचिकेवर राजस्थान उच्च न्यायालयाने 10 ऑगस्टला निकाल दिला, की संथारा किंवा सल्लेखना आत्महत्या मानून कायद्याने कारवाई व्हावी. 24 तारखेला देशभर जैन समाजाने मूक मोर्चे काढले. 31 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. या तीन आठवड्यांत घराघरांत दुसरा विषय नव्हता. आम्ही तेव्हा न्यायवाक्याच्या धड्यावर होतो. मुलींनीच आग्रह धरला, मॅडम, यावर बोलूया.

आम्ही आधी विरुद्ध बाजूचा युक्तिवाद फळ्यावर लिहिला. स्वतःहून मरण पत्करणं म्हणजे आत्महत्या. सल्लेखनेत माणूस स्वतःहून मरण पत्करतो. म्हणून सल्लेखना आत्महत्या आहे. आकार निर्दोष. म्हणजे वाद आकाराचा नाही, पहिल्या विधानाचा आहे. मग मुलींनी आपल्या बाजूची, मोर्चात आणि घरात ऐकलेली कारणं सांगितली. ही दोन हजार वर्षांची परंपरा आहे. पण परंपरा जुनी असल्याने ती योग्य ठरत नाही. समोरची माणसं लगेच सतीचं नाव घेतात, आणि आपल्याला गप्प बसावं लागतं. न्यायाधीश जैन नाहीत, त्यांना काय कळणार? हा माणसावर केलेला वार, त्याच्या म्हणण्याला उत्तर नाही. शेजारची एक मुलगी म्हणाली, विनोबांनीही केलं होतं. 1982 च्या नोव्हेंबरमध्ये पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध सोडून देह ठेवला, हे खरं आहे. पण थोर माणसाने केलं म्हणून बरोबर, असं म्हणता येत नाही.

एवढ्यात एक मुलगी चिडून उठली. जैन घरातलीच. "मॅम, आप हमारी तरफ हैं या उनकी तरफ?"

मी तिला म्हटलं, थांब, विनोबांचं उदाहरण फेकून देऊ नकोस. कुणी जर म्हणत असेल की अन्न सोडणारा प्रत्येक माणूस निराशेने जगण्यातून पळत असतो, तर त्या विधानाला खोडायला विनोबा एकटे पुरेत. 1955 साली कुंथलगिरीवर दृष्टी अधू झाल्यावर सल्लेखना घेतलेले आचार्य शांतिसागर महाराजही पुरेत. 'सगळे' म्हणणाऱ्याला एकच विरुद्ध उदाहरण पुरतं. तीच गोष्ट पुरावा म्हणून लंगडी, खंडन म्हणून भक्कम. ती कुठे ठेवायची हे कळायला हवं.

मग आम्ही आपल्याच आचार्यांकडे गेलो. समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त सल्लेखनेच्या वेळा मोजून सांगितल्या आहेत. उपसर्ग, दुष्काळ, म्हातारपण, रोग, आणि तेही त्यावर काही इलाज उरला नसेल तरच. पूज्यपादांनी 'सर्वार्थसिद्धी'त व्यापाऱ्याचा दाखला दिला. वखारीला आग लागली तर तो आधी आग विझवायला धावतो. विझतच नाही असं दिसलं, की आतला मोलाचा माल वाचवतो. त्याला वखार नकोशी झालेली नसते. देह ही वखार, व्रतं हा माल. राग, द्वेष, मोह यांनी पेटून केलेला घात म्हणजे आत्मघात, आणि सल्लेखनेत ते नसतात. हे उत्तर पहिल्या विधानावर नेमकं बोट ठेवतं. स्वतःहून मरण पत्करणं एवढ्याने आत्महत्या ठरत नाही, कुठल्या स्थितीत आणि कुठल्या मनाने, हे बघावं लागतं.

चिडलेली मुलगी खूश झाली. पण मी तिला पुढचा पत्ता उलटायला सांगितला. या व्याख्येने आपण सुटलो, तर या व्याख्येने आपण बांधलेही गेलो. इलाज शिल्लक असेल तर? म्हातारी आई घरात जड झाली आहे हे तिला कळून चुकलं असेल, आणि तिच्या 'हो'मागे तेच असेल तर? घरातल्यांना मान मिळणार म्हणून कुणी तिला हळूहळू त्या वाटेला लावलं असेल तर? मग आपल्याच आचार्यांच्या शब्दांत ती सल्लेखना नव्हे. प्रत्येक वेळी, प्रत्येक घरी हे विचारणं आपल्यावर बंधनकारक होतं. 'दोन हजार वर्षांची परंपरा' म्हटलं असतं तर हा प्रश्न आपल्यापर्यंत आलाच नसता.

सराफ्याच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या तासाला सर्वांत स्वच्छ दिसलं. वाकडी युक्ती समोरच्याला फसवते ते आहेच. त्याहून मोठं नुकसान हे, की ती आपल्याला आपल्याच खऱ्या कारणापासून लांब ठेवते. खरं कारण आपल्याकडून काहीतरी मागत असतं. काट्यांच्या कुंपणाने गुरं बाहेर राहतात, पण मालकीणही कोंबाकडे जाईनाशी होते.

इथे कुणी म्हणेल, एवढं काय ताणायचं, आपला तर अनेकान्त आहे, सगळेच आपापल्या जागी बरोबर. हे वाक्य मी मंडळात इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यावर बोलायलाच हवं. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट घ्या. पायाला हात लावून खांब म्हणणारा आणि कानाला हात लावून सूप म्हणणारा, दोघांचंही आपापल्यापुरतं खरं. पण पायाला हात लावून सूप म्हणणारा चुकलेलाच असतो, अनेकान्त त्याला वाचवत नाही. इतवारियातल्या काच मंदिरात एका मूर्तीची रांगच्या रांग प्रतिबिंबं दिसतात. म्हणून मूर्ती कुठे आहे हा प्रश्न निरर्थक होत नाही. 'स्यात्' या शब्दाचा अर्थ 'कदाचित' असा करून आपण तो हलका केला. त्याचा अर्थ 'एका विशिष्ट अपेक्षेने'. म्हणजे बोलणाऱ्याने आपली अट उघड सांगायची. कुठून बघतेस, कशाच्या संदर्भात, केव्हा? संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस आणि जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन या दोघांनी 1950 च्या दशकात स्याद्वादावर लेख लिहिले, ते काही सगळ्यांचंच बरोबर म्हणण्यासाठी नव्हेत. अनिश्चित गोष्टीबद्दल नेमकं कसं बोलावं, हे त्यांना त्यात दिसलं. ओलं सरपण लपवायचं नाही, हाच स्याद्वाद.

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत अवघड आक्षेप मात्र पुस्तकातून आला नाही, वर्गातून आला. बी.ए. संपत आलं की मुलींच्या घरी स्थळं बघायला लागतात. एका मुलीला एम.ए. करायचं होतं. तिने घरी सांगितलं, एम.ए. झालं की स्थळ चांगलं येईल. वडिलांना ते पटलं, नाव घातलं. पहिलं वर्ष अर्धं झालं आणि खरोखरच चांगलं स्थळ आलं. शिक्षण थांबलं. वडिलांनी तिला फसवलं नाही. तिने जे कारण दिलं होतं ते पूर्ण झालं होतं, आणि त्या कारणाला धरून वडील अगदी बरोबर वागले. 'मला शिकायचं आहे' हे तिचं कारण त्या घरात कुणी ऐकलंच नव्हतं.

ही गोष्ट मी पुढच्या वर्गात नाव न घेता सांगितली, तेव्हा एक मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅम, खरं कारण सांगितलं असतं तर नावही घातलं नसतं. अर्धं वर्ष तरी मिळालं." मराठी घरातली मुलगी होती, मराठीतच बोलली.

तिला छलाचे दोष सांगावेत असं मला वाटलं नाही. न्यायसूत्रांची उपमा तिच्या तोंडी वेगळी दिसते. जिच्या हातात काहीच नाही तिने आपल्या कोंबाभोवती चार काटे रोवले, तर तिला बोल कसा लावायचा? जल्प नाकारणारे आचार्य राजसभेत, बरोबरीच्या माणसांसमोर बोलत होते. त्यांना तिथे बोलू दिलं जात होतं. मी तिला एवढंच म्हटलं, की कुंपण घातलंस तर घाल, पण हे कुंपण आहे आणि कोंब आत आहे, हे विसरू नकोस. खरं कारण कुठेतरी लिहून ठेव, निदान एका माणसाला सांग. रोज दुसरं कारण सांगता सांगता आपल्याला तेच आपलं वाटायला लागतं.

पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. दुसरा भाग ऐकणाऱ्याकडे येतो. सत्याणुव्रताच्या अतिचारांत 'न्यासापहार' नावाचा एक अतिचार आहे. कुणी आपल्याकडे ठेव ठेवली, नंतर ती माणूस किती ठेवली ते विसरली आणि कमीच मागू लागली. आपण 'हो, एवढेच होते' म्हणून तेवढेच दिले. खोटं तिने सांगितलं नाही, चुकून सांगितलं. आपण फक्त मान डोलावली. तरी दोष आपल्याकडे. मुलगी जेव्हा 'स्थळ चांगलं येईल' म्हणते, तेव्हा तिला खरंतर काय हवं आहे हे आईला बहुतेक वेळा ठाऊक असतं. आई मान डोलावते, कारण सगळ्यांच्या सोयीचं असतं. तिने आपल्यापाशी ठेवलेली ठेव त्याहून मोठी होती.

म्हणून तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा धडा मला आता मुलींपेक्षा आपल्या वयाच्या बायकांना द्यावासा वाटतो. आपण आया आहोत, सासवा आहोत, मंडळाच्या अध्यक्ष-सचिव आहोत. घरातल्या कुणाला आपल्यासमोर खरं कारण सांगता येतं का, की आपल्यापर्यंत येताना प्रत्येकाला काटे गोळा करावे लागतात? पुढच्या वेळी सून काही मागायला आली आणि तिने अगदी पटण्यासारखं कारण दिलं, तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. अकलंकदेवांनी विचारलं होतं तेच विचारा, मात्र हरवण्यासाठी नको. पुन्हा सांग, तुला नेमकं काय हवं आहे? आणि ती सांगेपर्यंत थोडं थांबा.